गावपळणीतला प्रोग्राम

२००७ साली मी एकतीस ठिकाणी नोकरीसाठी अर्ज केले, सगळे प्रोग्रामरच्या जागेसाठी. सव्वीस जणांनी उत्तरच दिलं नाही. चौघांनी कळवलं की किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. एकाने फोन करून विचारलं, रिसेप्शनवर बसाल का. मी म्हटलं, तिथे बसायला किती वर्षांचा अनुभव लागतो? त्याने फोन ठेवला.

मी बी.ए. आहे. प्रोग्रामिंग मला कुणी शिकवलं नाही. कणकवलीत निकेतचा सायबर कॅफे होता. त्याने मला एक सीडी भरून दिली, तिच्यात पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेचं अख्खं पुस्तक होतं. घरचा कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या पतपेढीचा, जुना, सुरू होताना घरघरायचा. त्यात दिवसाचे आठ तास भारनियमन. वीज नसताना मी वहीत कोड लिहायची आणि वीज आली की टाइप करून बघायची. अशा अकरा वह्या भरल्या. हे सगळं अर्जात कुठे लिहायचं ते कळत नव्हतं. अर्जात रकाना एकच असतो, ‘अनुभव’, आणि त्यात वह्या मावत नाहीत.

आमचं गाव आचऱ्याच्या जवळ. आमचं घर मासेमारीचं. बाबा नाहीत. आई, पद्मावती, आचऱ्याच्या बाजारात मासे विकते. गावात मला ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हे. शेजारचे लवूकाका खिडकीतून डोकावून विचारायचे, "त्या डब्यात काय शिजता गो, योगिनी? वास तर काय येणा नाय."

बत्तिसावा अर्ज पणजीच्या एका लहान कंपनीत केला. तिथून शनिवारी मेल आली. हॉटेलच्या खोल्या आरक्षित करण्याचा प्रोग्राम लिहा, एकच खोली एकाच दिवशी दोघांना जाता कामा नये, पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. खाली सही, श्रिया. अनुभवाबद्दल एक शब्द नाही. निकेतच्या कॅफेत मी त्या मेलची प्रिंट काढली आणि तीनदा वाचली. पुरुषांच्या गावगप्पा चालू होत्या, त्यात कुणाला काही सांगण्यात अर्थ नव्हता.

अडचण एकच होती. सोमवारपासून आमची गावपळण होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात काही गावांत तीन-चार वर्षांनी एकदा अख्खं गाव रिकामं होतं. देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली की हो, डावी पडली की नाही. देवाने हो म्हटलं की ठरल्या दिवशी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. चौथ्या दिवशी सकाळी फक्त मानकरी देवळात जातात आणि परत यायचं का म्हणून कौल लावतात. पेपरवाले दर वेळी येऊन फोटो काढतात आणि किती सुंदर प्रथा म्हणून छापतात. झोपडीत थंडीने कोण आजारी पडलं ते छापत नाहीत.

मी हिशोब केला. सोमवार, मंगळवार, बुधवार बाहेर. गुरुवारी सकाळी घरी. गुरुवार आणि शुक्रवार मिळून दीड दिवस. रविवारी रात्रीपर्यंत निम्मा प्रोग्राम झालाच होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत मी लिहिलं, ‘परत. काम सुरू.’

आईने ते पाहिलं. तिला वाचायला वेळ लागतो, पण तिने वाचलं.

"गावपळणीचो परत येवचो दीस कोण लिवता?" ती म्हणाली. "इचारल्यार देव सांगतलो तेव्हा, असा म्हणतत."

"दर वेळी चौथ्या दिवशीच येतो ना आपण."

"येतंव. पण लिवणत नाय."

सोमवारी सकाळी तिने टोपल्या, पातेली, तांदूळ, नऊ कोंबड्या आणि मांजर बांधून घेतलं. मी कपड्यांची पिशवी, दोन कोऱ्या वह्या आणि ती प्रिंट घेतली. कॉम्प्युटरवर चादर टाकली.

"तो नाय घेवचो?" आईने विचारलं.

"झोपडीत वीज कुठेय? आणि तीन दिवसांसाठी कोण वाहून नेणार."

"कोंबये नेतंव."

"कोंबड्यांना वीज लागत नाही."

निम्मा प्रोग्राम त्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. घरी इंटरनेट नव्हतं, पेनड्राइव्ह माझ्याकडे नव्हता. निकेतकडून एक मागून आणता आला असता. मी आणला नाही, कारण गुरुवारी मी परत येणारच होते.

आमच्या वाडीच्या झोपड्या व्हाळापलीकडे शेजारच्या गावातल्या गुरुदासच्या शेतात होत्या. व्हाळ म्हणजे ओढा, तीच आमची वेस. त्यावर सुपारीच्या खोडांचा पूल, साकव. भातकापणी झालेली, जमीन मोकळी, म्हणून त्याने तीन दिवस दिली होती. तीन दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू. बायका एकमेकींच्या चुलीवर जेवत होत्या, म्हातारे पत्ते खेळत होते. मीही खेळले.

गुरुवारी नऊच्या सुमाराला मानकरी साकवावरून परत आले. त्यांची तोंडं बघूनच लवूकाकांनी पत्ते खाली ठेवले.

"डावो कौल पडलो," त्यातला एक म्हणाला. "आणि एक दीस. उद्या सकाळी परत लावतलंव."

लवूकाकांनी पत्ते पुन्हा पिसायला घेतले. मी मात्र उद्या पाचपर्यंतचे तास मोजले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला गेली. ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

मी तिचा मोबाइल घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेले, तिथे रेंज यायची. पणजीला फोन लावला. श्रिया मॅडम फोनवर आल्या. मी जे होतं ते सांगितलं. गाव रिकामं आहे, कॉम्प्युटर गावात आहे, देवाने परवानगी दिलेली नाही.

"कोणी दिली नाही?"

"देवाने."

"आणि ती कधी मिळेल?"

"उद्या सकाळी. कदाचित."

"कदाचित," त्या म्हणाल्या. त्या हसत होत्या की नाही ते कळलं नाही. "हे बघ, कारणं मी खूप ऐकते. हे नवीन आहे. पण बाकी चौघांचं काम आलंय. त्यांना अनुभवही आहे. मुदत वाढवायचा अधिकार मला नाही. उद्या पाच."

परत येताना मी साकवापाशी थांबले. दुपारची वेळ, पलीकडे चिटपाखरू नाही. घर पंधरा मिनिटांवर. पण घरात जाऊन तरी काय, गावपळणीपुरती गावाची वीजच बंद होती. कॉम्प्युटरच उचलून कणकवलीला न्यायचा, हा एकच मार्ग. डोक्यावर टोपलीसारखा घ्यायचा, मागच्या पायवाटेने बाहेर पडायचं.

देवाला मी घाबरत नव्हते. मी घाबरले ती माणसांना. दोन गावपळणींआधी शिवा नावाचा दुकानदार विसरलेली औषधाची बाटली आणायला रात्रीच गावात गेला होता. कुणीतरी पाहिलं. पुढे सहा महिन्यांनी कुणाचं तरी मूल तापाने फणफणलं, कुणाची होडी उलटली, आणि सगळं शिवाच्या माथी आलं. त्याच्या दुकानात कुणी जाईना. वर्षभराने तो सावंतवाडीला निघून गेला. मी पकडले गेले असते तर मी पणजीला गेले असते. आईला मात्र त्याच बाजारात बसायचं होतं. देवाचा कोप सोसता येतो, त्याची मुदत असते. गिऱ्हाईक तुटलं की तुटलं.

मी साकव ओलांडला नाही.

झोपडीकडे आले तर तिथे वेगळाच तमाशा. जमीनमालक गुरुदास बैलजोडी घेऊन उभा होता आणि लवूकाका हातातले पत्ते न ठेवताच त्याच्याशी बोलत होते.

"काकानू, तीन दीस म्हणालात. आज चौथो," गुरुदास म्हणत होता. "माका आज कुळीथ पेरूचे आसत."

"मी तीनच म्हटलंय. पण देवान आयकाक व्हया मां."

"मगे तुमच्या देवाक सांगा, गुरुदासान बैल भाड्यान हाडलेले आसत."

"तूच जावन सांग. देऊळ उघडाच आसा."

"तुम्ही हसा. जमीन माझी, आणि माकाच जागा नाय."

आजूबाजूचे हसले. माझी आई मात्र चुलीजवळून उठली. "रे गुरुदास," ती म्हणाली, "त्या कडेच्या कोपऱ्याक नांगर घाल. थंय कोण नाय. तोवर आमी ह्या तीन झोपड्यो एका अंगाक सरकयतंव, मगे मधलो कोपरो घे. आमच्या खालची जमीन शेवटाक. आणि शेवटाक पण आमी हालाक नाय, तर आताच सांगान ठेवतंय, त्या बैलाचा भाडा वाया घालव नको. बैल आजच परत दी."

गुरुदासने जरा विचार केला. मग बैल कडेच्या कोपऱ्याकडे वळवले.

मी तिथेच उभी होते आणि मला लाज वाटली. माझ्या त्या निम्म्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पाहुणा ठरल्या दिवशी निघून जात होता. पाहुण्याने गुरुवार लिहिला की गुरुवारी खोली मोकळी. मी स्वतः चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या जमिनीवर उभी होते, आणि माझ्या प्रोग्रामला अशी शक्यताच माहीत नव्हती. पाहुणा गेलाच नाही तर काय? त्याच्यामागून येणाऱ्याला कुठे ठेवायचं? कुठेच जागा नसेल तर त्याला कधी सांगायचं, तो दारात आल्यावर की आदल्या दिवशी?

मी वही काढली. घरातला प्रोग्राम विसरायचा ठरवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसले. पाहुणा थांबला, तर आधी त्याच्यामागच्याला दुसरी मोकळी खोली शोध. तशी नसेल, तर कुणाला हलवून एक मोकळी होते का बघ. तेही नसेल, तर आजच सूचना दे. आईने गुरुदासला सांगितलं तोच क्रम. मी फक्त तो पीएचपीत लिहिला.

वहीत कोड लिहिताना घाई चालत नाही. कॉम्प्युटर चूक झाली की सांगतो, वही सांगत नाही. दर दहा ओळींनी मी थांबायची आणि स्वतः कॉम्प्युटर व्हायची, खोली नंबर दोन, पाहुणा आला तेरा तारखेला, जाणार सोळाला, बोट ठेवत एकेक ओळ चालवायची. लवूकाका येऊन बघून गेले.

"काय लिवतंस एवढा?"

"हॉटेल."

"झोपडीत बसान हॉटेल," ते म्हणाले. "बरा आसा. माका एक खोली ठेव."

अंधार पडेपर्यंत त्रेचाळीस पानं झाली.

शुक्रवारी सकाळी कौलाची वाट न बघता मी साडेसहाची कणकवली गाडी पकडली. निकेत कॅफेचं शटर वर करत होता.

"इतक्या लवकर? गावातून हाकलली काय?"

"गावालाच हाकललंय. एक मशीन दे, संध्याकाळपर्यंत."

त्याच्या मशीनवर पीएचपी चालत नव्हतं, आणि ते बसवण्यात दुपार गेली असती. म्हणजे मी फक्त टाइप करणार होते. प्रोग्राम चालतो की नाही ते बघता येणार नव्हतं. मी टाइप करायला सुरुवात केली. अकरा वाजता वीज गेली. निकेतचा इन्व्हर्टर सगळी मशीन फार तर अर्धा तास ओढायचा. त्याने माझं सोडून बाकी सगळी बंद केली आणि दारात आलेल्या पोरांना सांगितलं, "वीज नाय, दोन वाजता येवा."

"तिचा चालू आसा मां," एकजण म्हणाला.

"ती टायपिंगची परीक्षा देता," निकेत म्हणाला. "जा."

साडेचारला शेवटचं पान संपलं. मेल लिहिताना मी वर टाकलं, ‘हा प्रोग्राम वहीत लिहून टाइप केला आहे. एकदाही चालवून पाहिलेला नाही.’

निकेतने मागून वाचलं. "असं कोण लिहितं? काढ ते. चालवून बघितला असं लिही. चुकला तर म्हण, तुमच्या मशीनवर काहीतरी वेगळं आहे."

"अनुभवी माणसं असंच म्हणतात का?"

"सगळी," तो म्हणाला.

मी ओळ ठेवली आणि पाठवून दिलं. पाचला दहा मिनिटं होती. रात्री गावाकडे आले तेव्हा झोपड्या मोडलेल्या होत्या आणि सगळे घरी परतले होते. त्या दिवशी सकाळी नऊलाच उजवा कौल पडला होता.

पुढच्या बुधवारी पणजीला बोलावलं. दोन खोल्यांचं ऑफिस, बाहेर आणखी तिघे बसलेले. इस्त्रीचे शर्ट, मांडीवर फायली. एकाने विचारलं, "तुमचा अनुभव किती वर्षांचा?" मी म्हटलं, "अकरा वह्यांचा." त्याने मान हलवली आणि पुन्हा फाइल चाळायला लागला.

आत मालक होते, मिहीर सर, पस्तिशीचे. शेजारी श्रिया मॅडम, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या.

"देवाची परवानगी मिळाली का?" मॅडमनी विचारलं.

"मी निघून गेल्यावर मिळाली."

"बस. तुझा प्रोग्राम आम्ही अजून चालवलेला नाही. तूच लिहिलंयस ना की तूही नाही. म्हटलं, सगळे मिळून बघू."

त्यांनी चालवला. पहिल्याच क्षणी बंद पडला. पडद्यावर एक ओळ आली, एकशे बारा नंबरच्या ओळीत चूक. मी ओळ पाहिली, कंस बंद करायचा राहिला होता. केला. पुन्हा बंद पडला. एका ठिकाणी मी एकच नाव दोन तऱ्हांनी टाइप केलं होतं. तेही सुधारलं. तिसऱ्यांदा चालला.

मॅडमनी दोन खोल्या टाकल्या, एकीत पाहुणा भरला आणि त्याला ठरल्या दिवशी काढलंच नाही. पडद्यावर पुढच्या पाहुण्याचं नाव दुसऱ्या खोलीसमोर सरकलं. मग त्यांनी ती खोलीही अडवली. सूचना आली, उद्या येणाऱ्या पाहुण्याला आजच कळवा, जागा नाही.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "बाकीच्या चौघांनी पाहुणा ठरल्या दिवशी जातो असंच धरलंय," त्या मिहीर सरांना म्हणाल्या. "आपल्या गिऱ्हाइकाची रोजची बोंब हीच आहे." मग माझ्याकडे वळल्या. "हे तुला कुठे सुचलं?"

"आम्ही एका माणसाच्या शेतात राहत होतो आणि निघालो नाही."

"आणि कॉपी का नव्हती? घरात अडकलेल्याची?"

"चुकले. परत येण्याचा दिवस मी धरून चालले होते."

मिहीर सर इतका वेळ माझा अर्ज वाचत होते. त्यात वाचण्यासारखं फार नव्हतं. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण अनुभव शून्य. आमच्याकडे पद्धत अशी आहे, अनुभव नसेल तर सहा महिने ट्रेनिंग. बिनपगारी. मग बघू."

सहा महिने पणजीत राहायचं म्हणजे आईच्या जिवावर. ती काही बोलली नसती, टोपली जड केली असती.

"ट्रेनिंग कोण देणार?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"ट्रेनिंग म्हणजे कुणीतरी शिकवणार ना. कोण?"

त्यांनी श्रिया मॅडमकडे पाहिलं.

"माझ्याकडे वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. "जानेवारीत हॉटेलचं काम द्यायचंय."

"मग मी त्या सहा महिन्यांत काय करायचं?"

"कामच करशील," मिहीर सर म्हणाले. "करता करता शिकशील."

"म्हणजे ते ट्रेनिंग नाही. फुकट काम आहे. काम घेणार असाल तर पगार द्या, नाहीतर मी जाते."

ते जरा लाल झाले. "इतकं तोडून बोलणं नोकरीत चालत नाही."

"मला अजून नोकरी नाही."

मॅडमनी खिडकीकडे तोंड वळवलं. मिहीर सरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर फाइलवाल्याने विचारलं, "कसं झालं?" मी सांगितलं, "बहुतेक गेलं." त्याला बरं वाटलेलं दिसलं, आणि मला त्याचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मी परतीच्या गाडीच्या वेळा आठवत बसले होते. तेहतिसावा अर्ज कुठे करायचा तेही.

अर्ध्या तासाने श्रिया मॅडम बाहेर आल्या. हातात एकच कागद होता.

"तीन महिने कच्ची नेमणूक. पगारासकट. वाचून सही कर." मग हळू आवाजात, कोकणीत म्हणाल्या, "तो वायट ना गो. कोणे विचारूंक ना आसलें ताका." वाईट नाही तो, त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी वाचलं. दोनदा वाचलं. सही केली.

खाली रस्त्यावर येऊन एका बूथवरून आईला फोन केला. बाजाराची वेळ होती, मागे सगळा कालवा.

"मिळाली," मी म्हटलं.

"काय?"

"नोकरी. सोमवारपासून."

कुणीतरी तिला सुरमईचा भाव विचारत होतं.

"पगार देतले मां?"

"देणार."

"ऱ्हवतलंस खंय?"

"अजून ठरलं नाही."

"मगे आधी ता ठरव. सोमवार काय लांब नाय." मग बाजूला वळून गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "ओ, बोटान दाबा नको. घेवची असली तर घेया." आणि फोन तसाच चालू ठेवून मासे कापायला लागली.